वलय कधी मालक, कधी भाडेकरू: सेंद्रिय संयुगांच्या नावांचा उलगडा

गेल्या महिन्यात आमच्या शेजारची अकरावीत शिकणारी मुलगी एक उत्तरपत्रिका घेऊन घरी आली. प्रश्न एका ओळीचा होता. बेन्झीनच्या सहा कार्बनी वलयाला सात कार्बनची सरळ साखळी जोडली असता तयार होणाऱ्या संयुगाचे नाव विचारले होते. तिने ‘हेप्टिलबेन्झीन’ असे लिहिले होते, तर क्लासच्या उत्तरसूचीत ‘१-फेनिलहेप्टेन’ असे छापलेले होते, त्यामुळे तिच्या उत्तरावर लाल फुली पडली होती. घरी आल्यावर तिने मोबाइलवर शोधले तेव्हा तिने लिहिलेलेच नाव समोर आले, पण मोठ्या बहिणीच्या जुन्या पुस्तकात क्लासचे नाव सापडले. “काका, एकाच रेणूची दोन नावे, आणि दोन्ही पुस्तकांत! मग चूक नक्की कोणाची?” असे तिने विचारले.

बडोद्यासारख्या शहरात हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता राहत नाही. मकरपुरा, नंदेसरी, कोयली या बाजूंना रोज हजारो माणसे अशा नावांची लेबले लावलेल्या पिंपांमधून वाट काढत काम करतात, आणि माझ्या स्वतःच्या नोकरीची बहुतेक वर्षे तशी लेबले तपासण्यातच गेली. त्या मुलीला कागदावर आकृत्या काढून जे सांगितले, तेच येथे जरा सविस्तर मांडतो.

नाव म्हणजे पत्ता

कार्बनचे अणू एका ओळीत जोडले गेले की साखळी तयार होते, आणि ओळीची दोन टोके एकमेकांना मिळाली की वलय तयार होते. सहा कार्बनच्या साध्या साखळीला हेक्झेन म्हणतात, त्याच सहा कार्बनांचे साधे वलय झाले की सायक्लोहेक्झेन, आणि वलयातील बंध बेन्झीनच्या विशिष्ट रचनेत असतील तर बेन्झीन. खऱ्या रेणूंमध्ये मात्र साखळ्या आणि वलये एकमेकांना चिकटलेली असतात, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

पद्धतशीर नाव हे पोस्टाच्या पत्त्यासारखे असते. ते वाचून कोणालाही, कोठेही, नेमका तोच रेणू कागदावर काढता आला पाहिजे. या कामाची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक १८९२ साली जिनिव्हात झाली, आणि १९१९ साली स्थापन झालेली आययूपीएसी ही रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना आजही हे नियम ठरवते.

पुढे जाण्यापूर्वी तीन शब्द समजून घ्यावे लागतील. रेणूच्या ज्या सांगाड्यावरून नाव बेततात, त्याला जनक म्हणतात. जनकावरच्या हायड्रोजनची जागा घेऊन बसलेला तुकडा म्हणजे प्रतिस्थापक; आणि आम्लपणा, अल्कोहोलपणा असा रेणूचा रासायनिक स्वभाव ठरवणारा अणुसमूह म्हणजे क्रियात्मक गट. मी यांना अनुक्रमे घर, भाडेकरू आणि मालकी हक्काचा कागद असे म्हणतो. भाडेकरू ओळखण्याची खूणही सोपी आहे, कारण त्याच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘इल’ येते. हेप्टेन भाड्याने राहायला गेले की हेप्टिल होते आणि सायक्लोहेक्झेनचे सायक्लोहेक्झिल होते.

बेन्झीन मात्र या बाबतीत खोडकर आहे. भाडेकरू झाल्यावर त्याचे ‘बेन्झिल’ व्हायला हवे होते, पण त्याला म्हणतात फेनिल. याचे कारण इतिहासात आहे. मायकेल फॅरडे यांनी १८२५ साली दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसच्या तेलकट अवशेषातून हे द्रव्य वेगळे केले, म्हणून ऑग्युस्त लॉराँ यांनी पुढे त्यासाठी प्रकाशणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘फेन’ हे नाव सुचवले. ते द्रव्यासाठी टिकले नाही, पण त्याच्या तुकड्यासाठी टिकले. ‘बेन्झीन’ हे नाव मात्र धुपातल्या लोबानाच्या घरातले आहे, कारण ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, या अरबी शब्दाचा युरोपात जाऊन जो अपभ्रंश झाला, त्यातून बेन्झोइन आणि मग बेन्झीन आले. ‘बेन्झिल’ हे नावही अस्तित्वात आहे, परंतु ते फेनिलला एक जादा कार्बन जोडलेल्या तुकड्याचे आहे. फेनिल म्हणजे सहा कार्बन आणि बेन्झिल म्हणजे सात, एवढे पाठ केले तरी अर्ध्या चुका टळतात. फरशी पुसण्याच्या काळ्या फिनाईलमध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात, तेव्हा तेही याच कुळातले, पण नावाच्या चर्चेत त्याला आणू नये.

सात-बारावर नाव कोणाचे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वलय आणि साखळी एकत्र असतील तर जनक कोण? बहुतेक विद्यार्थी पटकन उत्तर देतात की जे मोठे असेल ते. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते किती चुकीचे आहे हे घरातल्या औषधाच्या डब्यातच दिसते.

आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीचे पद्धतशीर नाव २-[४-(२-मिथिलप्रोपिल)फेनिल]प्रोपॅनोइक आम्ल असे आहे. या रेणूत सहा कार्बनचे बेन्झीन वलय ठळकपणे मधोमध बसलेले आहे, तरीही जनक आहे ती अवघ्या तीन कार्बनची साखळी, म्हणजे प्रोपॅनोइक आम्ल. वलय बिचारे ‘फेनिल’ होऊन भाडेकरूंच्या यादीत गेले आहे, कारण आम्लाचा क्रियात्मक गट साखळीवर आहे. वाडा केवढा आहे यावरून मालक ठरत नाही, सात-बारावर नाव कोणाचे आहे यावरून ठरतो. आणि रेणूच्या सात-बारावर नाव चढते ते सर्वांत वरिष्ठ क्रियात्मक गट ज्याच्याकडे असेल त्याचे.

दालचिनीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो त्याचेही तसेच. त्याचे नाव ३-फेनिलप्रोप-२-इनाल असे आहे. शेवटचे ‘आल’ हे अल्डिहाइड गटाचे चिन्ह असून तो गट तीन कार्बनी साखळीच्या टोकाला आहे, म्हणून साखळी मालक आणि सहा कार्बनांचे वलय भाडेकरू. गुलाबाच्या वासात मोठा वाटा असलेल्या २-फेनिलइथेनॉलमध्ये तर साखळी दोनच कार्बनांची आहे.

येथे कोणी विचारील की वलयाकडेही एक क्रियात्मक गट असेल आणि साखळीकडेही एक असेल तर? अशा वेळी गटांची वरिष्ठता पाहावी लागते. नेहमी लागणारा क्रम असा आहे की कार्बॉक्झिलिक आम्ल सर्वांत वर, त्यानंतर एस्टर, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल व फिनॉल, आणि शेवटी अमाइन. क्लोरो, ब्रोमो, नायट्रो यांचे नाव कागदावर कधीच चढत नाही. ते कायमचे भाडेकरू. याचे घरगुती उदाहरण म्हणजे पॅरासिटामोल. त्याच्या वलयावर फिनॉलचा हायड्रॉक्सी गट आहे, तर बाजूच्या दोन कार्बनी तुकड्यात अमाइड आहे. अमाइड वरिष्ठ असल्यामुळे नाव होते एन-(४-हायड्रॉक्सीफेनिल)ॲसिटामाइड, म्हणजे वलयाने स्वतःचा हक्कदेखील गमावला आणि त्याचा हायड्रॉक्सी गट नुसता उपसर्ग होऊन राहिला. सुरुवातीचा ‘एन’ एवढेच सांगतो की वलय नायट्रोजनला जोडलेले आहे. दोन्हीकडे सारख्याच दर्जाचा एकेक गट असेल तर मात्र वलय जिंकते, आणि म्हणूनच २-(हायड्रॉक्सीमिथिल)फिनॉल या नावात वलयावरचा गट मालक आणि साखळीवरचा भाडेकरू दिसतो.

एका कार्बनने मालकी फिरते

सायक्लोहेक्झेनच्या वलयाला आम्लाचा गट थेट चिकटलेला असेल तर नाव होते सायक्लोहेक्झेनकार्बॉक्झिलिक आम्ल. वलय आणि आम्लगट यांच्यामध्ये एकच जादा कार्बन आला, की नाव होते सायक्लोहेक्झिलॲसेटिक आम्ल. पहिल्या नावात ‘हेक्झेन’ आहे, दुसऱ्यात ‘हेक्झिल’. म्हणजे पहिल्यात वलय मालक आहे आणि दुसऱ्यात भाडेकरू.

असे का होते? गट थेट वलयावर असला की मालकीचा कागद वलयाच्याच भिंतीवर टांगलेला असतो. त्या गटाचा स्वतःचा कार्बन वलयाच्या बाहेर असला तरी त्याला वेगळे घर मानत नाहीत. ‘कार्बॉक्झिलिक आम्ल’ किंवा ‘कार्बाल्डिहाइड’ या प्रत्ययातच तो मोजला जातो. मध्ये एक कार्बन आला की तो आणि गटाचा कार्बन मिळून दोन कार्बनांची स्वतंत्र खोली तयार होते, आणि कागद त्या खोलीत जातो. बेन्झोइक आम्ल आणि फेनिलॲसेटिक आम्ल यांच्यातला फरक नेमका हाच आहे. परीक्षकांना हा सापळा फार आवडतो, आणि तो योग्यही आहे, कारण एका कार्बनच्या अंतराने ही दोन आम्ले वासापासून वापरापर्यंत वेगळी ठरतात.

कोणाचाच हक्क नसेल तर?

आता पुन्हा त्या लाल फुलीकडे वळू. हेप्टिलबेन्झीनमध्ये क्रियात्मक गटच नाही. फक्त कार्बन आणि हायड्रोजन आहेत, म्हणजे सात-बारा कोरा आहे. वाद होतो तो एवढ्या एकाच परिस्थितीत.

आपल्याकडची अनेक पुस्तके ज्या जुन्या पद्धतीवर लिहिली गेली, तिच्यात लहान घटक मोठ्या घटकाचा प्रतिस्थापक मानला जाई. वलयात कार्बन जास्त असतील तर वलय जनक, साखळीत जास्त असतील तर साखळी जनक. सात कार्बनांची साखळी सहा कार्बनांच्या वलयापेक्षा मोठी, म्हणून १-फेनिलहेप्टेन. आययूपीएसीने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींमध्ये ही मोजणी पसंतीच्या नावासाठी काढून टाकली. इतर बाबी सारख्या असतील तर वलय नेहमीच वरिष्ठ, साखळी कितीही लांब असो. त्यामुळे पसंतीचे नाव हेप्टिलबेन्झीन. साखळी वीस कार्बनांची असली आणि वलय तीन कार्बनांचे असले तरी मालक वलयच.

मात्र त्याच शिफारशींनी सर्वसाधारण वापरासाठी संदर्भानुसार साखळीला जनक मानण्याची मुभा ठेवलेली आहे. म्हणजे हेप्टिलबेन्झीन हे पसंतीचे नाव आणि १-फेनिलहेप्टेन हे चालणारे नाव. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. दोन्ही नावे एकाच रेणूकडे निःसंदिग्धपणे नेतात, आणि फुली मारण्याजोगे त्यांत एकही नाही. साखळी वलयाएवढी किंवा त्याहून लहान असेल तर जुनी आणि नवी पद्धत बहुधा एकच उत्तर देतात. इथिलसायक्लोहेक्झेन कालही तेच होते आणि आजही तेच आहे.

हा वाद बडोद्याच्या दाराशी कसा येतो ते सांगतो. कोयलीच्या रिफायनरीत २००४ पासून लिनियर अल्किल बेन्झीन तयार होते. कारखान्यात त्याला नुसते ‘लॅब’ म्हणतात. कपडे धुण्याच्या पावडरीतला फेस करणारा घटक याच्यापासून बनतो. बेन्झीनच्या वलयाला साधारण दहा ते तेरा कार्बनांच्या सरळ साखळ्या जोडलेल्या असतात, आणि गंमत अशी की जोडणीच्या प्रक्रियेत वलय साखळीच्या अगदी टोकाला जवळजवळ कधीच चिकटत नाही. ते दुसऱ्या, तिसऱ्या किंवा आणखी आतल्या कार्बनवर बसते. म्हणून लॅब हे अनेक भावंडांचे मिश्रण असते. त्यातले बारा कार्बनांचे एक भावंड घेतले तर पसंतीचे नाव (डोडेकॅन-२-इल)बेन्झीन होते, आणि जुन्या पद्धतीचे नाव २-फेनिलडोडेकेन. या धंद्यातले लोक आजही मालाच्या तपासणीत ‘टू-फेनिल किती टक्के’ असेच विचारतात. म्हणजे मालाच्या नावात बेन्झीन मालक आहे आणि तपासणीच्या अहवालात भाडेकरू. तरीही त्यामुळे कोणाचा माल परत गेल्याचे मी ऐकलेले नाही.

एकाच छोट्या साखळीवर अनेक वलये असतील तर जुन्या पद्धतीची सोय लक्षात येते. डीडीटीचे परिचित नाव १,१,१-ट्रायक्लोरो-२,२-बिस(४-क्लोरोफेनिल)इथेन असे आहे. दोन कार्बनांचे इथेन मालक आणि दोन वलये भाडेकरू, वाचायला सोपे. नव्या पसंतीच्या नावात वलय मालक करावे लागते, आणि दोन समान मालकांना मधल्या दुव्याने जोडावे लागते, त्यामुळे नाव होते १,१′-(२,२,२-ट्रायक्लोरोइथेन-१,१-डायइल)बिस(४-क्लोरोबेन्झीन). सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू करून रंगशास्त्राच्या शिक्षणाची सोय केली, त्या काळातील कृत्रिम रंगांचे एक मोठे घराणे ट्रायफेनिलमिथेनचे आहे, आणि त्या घराण्याला आजही सगळे त्याच नावाने ओळखतात. माझे वैयक्तिक मत विचाराल तर येथे जुने नाव कानाला अधिक बरे वाटते. पण एकच नियम सर्वत्र लावायचा म्हटले की असे काही नमुने पदरी येणारच.

साखळीत दुहेरी बंध असला तर?

हा आक्षेप हमखास येतो. साखळीत दुहेरी बंध असेल तर साखळीला मान मिळायला नको का? थर्मोकोल ज्यापासून बनते ते स्टायरीन घ्या. वलयाला दोन कार्बनांचा तुकडा आहे आणि त्या तुकड्यात दुहेरी बंध आहे. जुन्या पुस्तकांत फेनिलइथीन हे नाव सापडते, परंतु वलय व साखळी यांच्यातून निवड करताना दुहेरी बंधाला क्रियात्मक गटाचा दर्जा नाही. त्याच्यामुळे नावाचा शेवट बदलतो, मालकी बदलत नाही. त्यामुळे पद्धतशीर नाव इथेनिलबेन्झीन. बडीशेपेच्या वासाचे ॲनेथोल तीन कार्बनांच्या आणि दुहेरी बंधाच्या साखळीसह वलयालाच मालक मानते: १-मिथॉक्सी-४-(प्रोप-१-इन-१-इल)बेन्झीन.

उंबरठ्यापासून मोजणी

वलय भाडेकरू ठरले, की त्याच्या स्वतःच्या अंगावर आणखी तुकडे असू शकतात. भाडेकरूचेही पोटभाडेकरू असतात. त्यांच्या जागा सांगण्यासाठी वलयातल्या कार्बनांना वेगळे क्रमांक द्यावे लागतात, आणि येथे नियम अगदी घरगुती आहे: मोजणी उंबरठ्यापासून करायची. वलय ज्या कार्बनाने मुख्य घराला जोडलेले आहे, तो त्याचा १ क्रमांक. मग आतल्या तुकड्यांना लहानात लहान क्रमांक मिळतील अशा दिशेने फिरायचे.

आयबुप्रोफेनचे नाव या दृष्टीने पुन्हा वाचू. प्रोपॅनोइक आम्लात आम्लगटाचा कार्बन १. त्याच्या शेजारच्या २ क्रमांकाच्या कार्बनवर चौकटी कंसातले सगळे बिऱ्हाड आहे. त्या कंसात शिरलो की क्रमांक नव्याने सुरू होतात. फेनिल वलयाचा उंबरठा १, आणि बरोबर समोरच्या ४ क्रमांकावर गोल कंसातला तुकडा. त्या गोल कंसात शिरलो की पुन्हा नवा उंबरठा: तीन कार्बनांचे प्रोपिल, आणि त्याच्या दुसऱ्या कार्बनवर एक मिथिल. बाहेरचे ३, वलयाचे ६ आणि आतल्या तुकड्याचे ४ मिळून १३ कार्बन होतात, आणि आयबुप्रोफेनच्या रेणूत कार्बन १३च आहेत. बडोद्याच्या जुन्या ‘पोळ’मध्ये, म्हणजे एकाच फाटकाआडच्या गल्लीतल्या वस्तीत, जसे आधी गल्लीचे फाटक, मग वाड्याचा दरवाजा, मग खोलीची कडी लागते, तसे हे कंस आहेत, आणि प्रत्येक दारापाशी मोजणी एकपासून सुरू होते.

वलयात नायट्रोजनसारखा परका अणू असेल तर मात्र उंबरठ्याचा हा मान त्याच्याकडे जातो. पिरिडिनमध्ये नायट्रोजन नेहमी १, म्हणून जोडणीची जागा नावातच लिहावी लागते, जसे पिरिडिन-३-इल.

कंस सरकला तर

कंस ही केवळ शोभा आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक प्रसंग. (क्लोरोमिथिल)बेन्झीन आणि १-क्लोरो-४-मिथिलबेन्झीन या दोन द्रव्यांत अणूंची संख्या तंतोतंत सारखी आहे. पहिल्यात क्लोरीन मिथिलवर बसलेला आहे, आणि कंस तेच सांगतो की क्लोरीन वलयाचा नाही, भाडेकरूचा पोटभाडेकरू आहे. दुसऱ्यात क्लोरीन व मिथिल दोघेही वलयाचे थेट भाडेकरू आहेत. पहिल्याचे बाजारातले नाव बेन्झिल क्लोराइड; त्याच्या वाफेने डोळ्यांतून घळाघळा पाणी येते. एका कारखान्यात हाताने लिहिलेल्या नोंदीत कंस आणि क्रमांक दोन्ही गळाले, ‘क्लोरोमिथिलबेन्झीन’ एवढेच उरले, आणि आमच्यापैकी एकाने दुसरे द्रव्य समजून पहिल्याचे बूच मोकळ्या हवेत उघडले. पुढची वीस मिनिटे आम्ही पाच जण अंगणातल्या नळाखाली डोळे धूत होतो. त्या दिवसापासून मी कंसाविना लिहिलेली नोंद स्वीकारलेली नाही.

एकच गुंतागुंतीचा तुकडा दोनदा किंवा तीनदा आला तर ‘डाय’, ‘ट्राय’ऐवजी ‘बिस’, ‘ट्रिस’ लिहितात आणि तुकडा कंसात ठेवतात. डीडीटीतले ‘बिस’ त्यासाठीच आहे.

वर्णक्रम कोणता?

मराठीतून शिकणाऱ्यांना येथे वेगळीच ठेच लागते. प्रतिस्थापकांची नावे वर्णक्रमाने लिहायची, हे सर्वांना माहीत असते. पण तो वर्णक्रम रोमन लिपीचा. ब्रोमो, क्लोरो, इथिल, मिथिल हा बरोबर क्रम आहे, आणि देवनागरीत मात्र इ, क, ब, म असा क्रम लागल्यामुळे इथिल पुढे सरकते. वलयावर क्लोरीन आणि इथिल असतील तर १-क्लोरो-३-इथिलबेन्झीन हे बरोबर. मराठी बाराखडीच्या भरवशावर १-इथिल-३-क्लोरोबेन्झीन लिहिले की गुण गेलाच.

वलयांच्या नावांत हा धोका दुप्पट होतो. ‘सायक्लो’ आपल्याकडे स मध्ये, म्हणजे जवळजवळ शेवटी. रोमन लिपीत मात्र ते सी मध्ये, म्हणून सायक्लोप्रोपिल हे इथिलच्या आधी येते, आणि ‘सायक्लो’ हा शब्दाचा भाग असल्याने तो गाळायचाही नसतो. फेनिल आणि फ्लुओरो आपल्याकडे फ चे सख्खे भाऊ, पण रोमनमध्ये फ्लुओरो एफ मध्ये आणि फेनिल पी मध्ये, म्हणून त्यांच्या मध्ये मिथिल येऊन बसते. साध्या तुकड्यांपुढचे ‘डाय’, ‘ट्राय’ वर्णक्रमात मोजत नाहीत, पण कंसातल्या गुंतागुंतीच्या तुकड्याचे पहिले अक्षर, ते ‘डाय’चे का असेना, मोजतात, म्हणून (डायमिथिलफेनिल) हा डी मध्ये.

दोन वलये समोरासमोर

क्रियात्मक गट नसताना दोन वेगळी वलये जोडलेली असतील तर नायट्रोजन असलेल्या वलयाला निव्वळ कार्बनी वलयापेक्षा मान जास्त. त्यामुळे २-फेनिलपिरिडिनमध्ये बेन्झीन भाडेकरू. दोन्ही निव्वळ कार्बनी असतील तर मोठे वलय जिंकते, म्हणून सायक्लोपेंटिलसायक्लोहेक्झेन. आकारही सारखा असेल तर सायक्लोहेक्झिलबेन्झीनसारखे नाव होते, ज्यात जास्त बहुबंध (दुहेरी किंवा तिहेरी बंध) असलेले बेन्झीन मालक ठरते. दोन सख्खी बेन्झीन वलये थेट जोडली गेली तर कोणीच भाडेकरू होत नाही. जोडीला बायफेनिल असे एकत्र नाव मिळते.

या सगळ्याचा कस लावण्यासाठी आणंद, खेडा भागातल्या तंबाखूच्या शेतांत जे द्रव्य पिकते ते घ्या. निकोटिनमध्ये दोन वलये आहेत, दोन्हींत एकेक नायट्रोजन; एक सहा अणूंचे पिरिडिन, दुसरे पाच अणूंचे पायरोलिडिन. नायट्रोजनच्या बाबतीत बरोबरी झाली, म्हणून मोठे वलय मालक: ३-(१-मिथिलपायरोलिडिन-२-इल)पिरिडिन. पायरोलिडिनच्या नायट्रोजनचा क्रमांक १, त्याच्यावर मिथिल, आणि जोडणी २ क्रमांकावरून पिरिडिनच्या ३ क्रमांकाला.

एवढा खटाटोप कशासाठी?

जिऱ्यावरून नाव पडलेल्या क्युमीनला (प्रोपॅन-२-इल)बेन्झीन म्हणण्यात काय मिळाले, असे एखादा गृहस्थ विचारील, आणि आक्षेप रास्त आहे. कारखान्यात कोणीही ‘प्रोपॅन-२-इल’ म्हणत नाही, क्युमीनच म्हणतात. टोल्युईन, स्टायरीन यांसारखी रुळलेली नावेही नियमांनी बाद केलेली नाहीत. मात्र क्युमीन हे नाव ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच कळते, आणि लांबलचक नाव माहीत नसलेल्यालाही आकृती काढता येते. संशोधकांकडे रोज नवे रेणू तयार होतात, आणि प्रत्येकासाठी मसाल्याच्या डब्यात नाव शोधणे शक्य नाही.

संगणक आता आकृती काढली की नाव सांगतो, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. तो नाव सांगतो हे खरे. पण कोणत्या नियमावलीने सांगतो हे त्याच्या आवृत्तीवर आणि मांडणीवर अवलंबून असते, आणि एकाच रेणूला दोन नावे आली की ती एकाच रेणूची आहेत हे ओळखण्याचे काम शेवटी माणसाकडे येते.

परीक्षेपुरते सांगायचे तर, मंडळाच्या नेमलेल्या पुस्तकात जी पद्धत असेल तीच लिहावी, कारण गुण तेथूनच मिळतात. शक्य असेल तेथे दुसरे नाव कंसात द्यावे. त्या मुलीने हे शिक्षकांना दाखवल्यावर अर्धा गुण मिळाला, बाकीचा अर्धा पुढच्या चाचणीत वसूल करू, असे ती म्हणाली.

निघताना तिने औषधाच्या डब्यातली पट्टी हातात घेतली आणि विचारले की एवढे मोठे नाव असताना पट्टीवर आयबुप्रोफेनच का छापतात. औषधांना जगभर चालणारे एक छोटे नाव दिले जाते, आणि ते ठरवण्याचे काम जागतिक आरोग्य संघटना करते. पण हे छोटे नावही हवेतून आलेले नाही, हे मी तिला पट्टीच्या मागच्या कोऱ्या भागावर लिहून दाखवले. ‘आयबु’ म्हणजे आयसोब्युटिल, म्हणजे तो आतल्या खोलीतला २-मिथिलप्रोपिल. ‘प्रो’ म्हणजे प्रोपॅनोइक आम्ल, घरमालक. आणि शेवटचे ‘फेन’ म्हणजे फेनिल.